बिनहाताची खुर्ची

१४ जून

प्रिय ताईस,

बारकीचा सप्रेम सलाम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावून तरी काय करशील, फोनवर तीनदा टकटक करशील आणि ठेवून देशील! परवा हे म्हणाले, "तुझ्या ताईचं नख काय दमदार आहे गं, एवढ्या लांबून माझ्या कानात ठणका बसला." एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे पुरे झालं तुझं. एवढ्यावर आपण दोन महिने काढले, पण मला काही समाधान नाही. प्रश्न मीच विचारायचे आणि उत्तरंही मीच सुचवायची. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू होतीस तशीच आहेस, खवट.

सोबत सहा रुमाल पाठवतेय. या खेपेला मलमल दुहेरी घेतलीय, म्हणजे ऑपरेशनने गळ्याला पाडलेल्या भोकात धूळ जायला नको आणि श्वासही अडायला नको. मागे नाडी न लावता टिचबटण लावलंय. मागच्यांची गाठ तुला एका हाताने सोडता येत नव्हती ना? निळा आणि राखाडी रोजचा. तो जांभळा बाहेर जाताना घालायचा. "मी कुठे बाहेर जाते" असं लिहू नकोस. दळण आणायला जातेस, नर्सबाईकडे जातेस, तेही बाहेरच असतं.

आमचं इथलं बस्तान बसतंय. ह्यांच्या कंपनीने ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायला इकडे पाठवलं, त्यातल्याच एका इमारतीत घर मिळालं. नवव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली की लोक थेट आमचं दार वाजवतात, हे जेवत असले तरी. मला कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरकडे अल्टरेशनचं काम मिळालंय. दुकानाच्या मागे एक खिडकी, तिच्यात माझी मशीन. दिवसभर पँटी आखूड करते. इथल्या माणसांचे पाय आखूड आहेत की पँटी लांब येतात, देवाला ठाऊक. पण मालकीणबाई चांगली आहे, तोंडाळ आहे आणि मनाने मोकळी आहे. तुझी आठवण येते तिला बघून.

गाव मात्र कसं आहे म्हणून विचारशील तर सांगता येत नाही. धड शहर नाही, धड खेडं नाही. रुंद रस्ते, सारख्या इमारती, सारखी झाडं, आणि गाड्या लावायच्या जागा. पहिल्या आठवड्यात मी चुकून शेजारच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर जाऊन किल्ली फिरवत बसले होते. आतून एका म्हाताऱ्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, चहा घेता?" मला मेलीला रडूच आलं. इथे येऊन कुणी "या" म्हणालेलं ते पहिलंच.

चर्चचं विचारलं होतंस. म्हणजे विचारलं नव्हतंस, पण मागच्या पत्राच्या समासात "रविवारी काय करता?" असं बारीक अक्षरात लिहिलं होतंस. तू स्वतः पायरी चढत नाहीस आणि आमची हजेरी घेतेस! तुझी हेडमास्तरकी काही जायची नाही. तर सांगते.

आधी मोठ्या चर्चला गेलो. काचेची इमारत, आत थिएटरसारख्या गुबगुबीत खुर्च्या, दारात गणवेशातली हसरी माणसं. "पहिल्यांदाच आलात? स्वागत आहे!" म्हणाले. दुसऱ्या रविवारी पण "पहिल्यांदाच आलात?" तिसऱ्या रविवारी पण तेच. हे म्हणाले, "आपण गेल्या वेळी मेलो होतो वाटतं." उपदेश चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या खुर्च्यांत ह्यांना अशी झोप लागते की बोलायची सोय नाही.

मग जुन्या दगडी चर्चला गेलो. ते मला आत शिरताक्षणी आवडलं, तसेच बाक, तसाच मेणाचा वास. माणसं मोजून दहाबारा, सगळी पांढऱ्या केसांची. आम्ही बसतो न बसतो तोच एक आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "इथे आमचे डॉक्टर बसतात." आम्ही उठलो, मागे गेलो. उपासना संपेपर्यंत डॉक्टर आलेच नाहीत. बाहेर पडताना शिपायाला विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर? ते जाऊन सहा वर्षं झाली." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्या आजींसाठी जागा धरलेली असणं बरोबरच होतं गं. फक्त आम्हाला कुठे बसा म्हणून कुणी सांगितलं नाही.

आता एक तिसरं सापडलंय. टायरच्या दुकानाच्या वर. तिकडे दोन रविवार गेलोय. जिना अरुंद, रबराचा वास, चहा पातळ. पण दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी ह्यांना पाहून विचारलं, "काय, लिफ्टचं काम झालं का त्या सात नंबरच्या?" लक्षात ठेवलं होतं! तेवढ्यावर हे खूश.

कुठेही गेले तरी एक होतं. बसल्यावर डाव्या बाजूला हात जातो आणि तिथे कुणी नसतं. हे नेहमी उजवीकडेच बसतात, त्यांना सवय आहे. मग मी डावीकडे पर्स ठेवते.

मांजरीला माझ्या वाटचं दूध घाल. रुमाल कसे झाले ते लिही. उत्तर दे, एका ओळीचं चालेल, पण दे.

तुझी,
बारकी


२० जुलै

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम.

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींत तू माझी सगळी हजामत केलीस. "रुमाल ठीक. जांभळ्याचं टिचबटण कडक आहे, मान धरते. टायरचा वास, पातळ चहा, काठीवाल्या आजी, सगळं कळलं. त्या तिन्ही चर्चमधली माणसं गातात की मुकी आहेत?"

बटण मी बदलून पाठवते. कडक बटणाला आत मेण चोळलंस तर तोवर काम भागेल.

गातात गं. सगळीकडे गातात तशी गातात. त्यात काय सांगायचं.

त्यापेक्षा ह्या टायरवाल्या चर्चची गंमत सांगते. खरं तर नुसता हॉल आहे, भाड्याचा. सुरुवातीला, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, इथे बाक घ्यायची ऐपत नव्हती म्हणून प्रत्येकाने घरून आपापली खुर्ची आणली. ती पद्धत तशीच राहिली. त्यामुळे सगळ्या खुर्च्या वेगवेगळ्या! पाववाल्याची लाकडी, पाठीवर पिठाचे हात उमटलेली. रोपांच्या नर्सरीवाल्या विधवा बाईंची लोखंडी, बागेतली, हिरवा रंग उडालेली. एका हिशेबनिसाची चाकांची, ऑफिसमधली. त्याला प्रार्थनेला उभं राहताना ती धरून ठेवावी लागते, नाहीतर मागे पळते. नवीन माणूस आला की त्याला कोपऱ्यातली घडीची खुर्ची देतात. घडीच्या खुर्चीवर कितीही वर्षं बसा, कुणी काही म्हणत नाही. पण एखाद्या रविवारी तुम्ही घरून आपली खुर्ची जिन्यावरून वर आणलीत की झालं, तुम्ही मंडळीतले. अर्ज नाही, टाळ्या नाहीत. पाळकसाहेब नुसते थोडे सरकून जागा करतात.

मला हे फार आवडलं, ताई. तुला पण आवडेल. म्हणजे ऐकायला आवडेल, एवढंच म्हणते.

पाळकसाहेब आठवडाभर गाडी चालवायला शिकवतात. त्यावर पोट, आणि रविवारी हे. त्यामुळे उपदेशातसुद्धा "घाई नको, आधी आरशात बघा" असं येतं. ह्यांना त्यांचा उपदेश इतका पटतो की ते जागे राहतात! लग्नाला तीस वर्षं झाली, मी हे पहिल्यांदा बघतेय. खालचा टायरवाला चर्चला येत नाही, देवाचं नाव काढलं की हात जोडून पळतो. पण वर प्रार्थना सुरू झाली की हवा भरायचं मशीन बंद करतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. आम्ही "आमेन" म्हटलं की खालून परत फुस्स सुरू.

पहिल्या रविवारी मी चूक केलीच. दमून गेले होते, समोर एक छानशी उशीची खुर्ची दिसली, बसले. शेजारच्या बाई काही बोलल्या नाहीत, उलट पायाशी स्टूल सरकवलं. उपासना संपल्यावर कळलं की ती त्यांचीच खुर्ची, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खास आणलेली, आणि त्या दीड तास घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "तुम्ही इतक्या थकलेल्या दिसत होतात, मला वाटलं आज राहू दे." मी त्यांना दातवाल्या बाई म्हणते, दाताच्या दवाखान्यात काम करतात. इथली गाणी-बिणी त्याच बघतात.

ह्यांनी दोनदा विचारलं, "नेऊ या का आपल्या खुर्च्या?" मी म्हटलं बघू. घरात खुर्च्या आहेतच, प्रश्न तो नाही.

तू बरी आहेस ना? खरं लिही. नर्सबाई म्हणत होत्या, तू संध्याकाळी दिवा न लावता बसतेस. वीज वाचवतेयस का? आपल्या चर्चच्या पाळकीणबाई दोनदा येऊन गेल्या आणि तू झोपल्याचं सोंग घेतलंस, तेही कळलं. तुला झोपल्याचं सोंग धड करता येत नाही, तुझे डोळे मिटल्यावर जास्त रागीट दिसतात. ताई, एकटीने किती दिवस काढायचे? नवव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, पूर्वेची. एवढंच लिहून ठेवते. टकटक दोनदा येणार हे मला माहीत आहे.

मांजरीला पण आणता येईल.

तुझी,
बारकी


६ सप्टेंबर

माझ्या ताईस,

सलाम.

तुझं पत्र आल्याला दिवस झाले. मी तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा कुणाच्या तरी पँटीची दुमड घालायला उठले. तू सरळ लिहिलंस, "तू मला हवापाणी सांगतेस. पाववाल्याच्या खुर्चीची पाठसुद्धा मला माहीत झाली. दीड तास उपासनेत बसतेस आणि एका गीताचं नाव तुझ्या पत्रात नाही. काय लपवतेस?"

चाळीस वर्षं वर्गात पोरांचे खिसे तपासलेत तू, माझी काय टाप!

तर ऐक. मी गात नव्हते. तुझं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून मी गायलेच नाही. आपल्या चर्चमध्येही नाही. तू यायची थांबलीस आणि मी जात राहिले, म्हणून तुला कळलं नाही. सगळे उभे राहिले की मी उभी राहायची, पुस्तक उघडायची आणि नुसते ओठ हलवायची. तू कधी म्हणाली नाहीस की गाऊ नको. मीच ठरवून टाकलं. दवाखान्यात तू पाटीवर पहिल्यांदा लिहिलंस ना, "पाणी नको, तोंड कोरडं असू दे", तेव्हा मी बाहेर जिन्यात जाऊन बसले होते. माझ्या ताईच्या घशातून आता काही यायचं नाही, तर माझ्याही घशातून यायला नको. मला ते बरोबर वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

इथे येऊन तेच चाललं होतं. काचेच्या चर्चमध्ये एवढा आवाज लावतात की कोण गातंय नि कोण नाही, कुणाला पत्ता नाही. दगडी चर्चमध्ये आजींना ऐकू येत नाही. टायरवाल्यांकडे मात्र पाववाल्याची नात पुढच्या खुर्चीवर उलटी बसते, आमच्याकडे तोंड करून. पाच वर्षांची आहे, जीभ मात्र पन्नास वर्षांची. एकदा गीत संपता संपता भर शांततेत म्हणाली, "आजोबा, ही बाई माशासारखं तोंड हलवते!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हे खोकल्याचं नाटक करायला लागले.

त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला, दातवाल्या बाईंनी शेवटी आपलं संध्याकाळचं गीत लावलं. आपलं, म्हणजे आईचं. तिसऱ्या कडव्यात वरचा सूर एकटा चढतो, मग सगळे थांबतात, आणि मग खालचा सूर आत येतो, ते. मी पुस्तक उघडलंच नव्हतं. पहिलं कडवं झालं, ओठ हलवले. दुसरं झालं. तिसऱ्यात वरचा सूर चढला आणि सगळे थांबले, हॉल अगदी गप्प, खाली टायरवाल्याचं मशीनसुद्धा गप्प, आणि त्या शांततेत, ताई, मी सुरू! एकटी! खालचा सूर, पूर्ण आवाजात, आणि पूर्ण दोन मात्रा आधी!

सगळ्या खुर्च्या वळल्या. हिशेबनिसाची तर चाकांवर वळली. हे दचकून उभे राहिले, त्यांना वाटलं मला काही झालं. पाववाल्याची नात टाळ्या पिटत म्हणाली, "मासा बोलला!" आणि मग सगळे हसले. मीसुद्धा हसले. पण कुणी गाणं थांबवलं नाही. दातवाल्या बाईंनी परत तिसरं कडवं घेतलं, माझ्याकडे बघत, जसं काही तिथेच परत घ्यायचं ठरलेलं होतं.

मी गायले, ताई. शेवटपर्यंत. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पोटातून बरं वाटलं. आणि खाली बसले तेव्हा आधी डावीकडे बघितलं, आणि तिथे माझी पर्स. मग मात्र मला माझीच लाज वाटली.

उपासना संपल्यावर दातवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, "तुम्ही कायम खालचाच सूर गाता का हो? मग वरचा कोण गातं?"

मी म्हटलं, "माझी ताई."

"मग त्यांनाही आणा की!"

ह्यांनी सांगितलं त्यांना सगळं, जिन्यात, हळू आवाजात. त्यांनी माझा हात धरला आणि काही सल्ला दिला नाही. याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे, कारण सल्ला सगळेच देतात.

तेव्हापासून मी दर गुरुवारी सरावाला जाते. मागचं पत्र लिहिलं तेव्हा पण जात होते, आणि तुला लिहिलं, "गातात गं, त्यात काय सांगायचं." तुझ्यापासून लपवून मी गात होते, लपून बिडी ओढणाऱ्या पोरासारखी. तू दिवा न लावता बसायचीस, तुझ्या घरात एक ओळ गुणगुणायला कुणी नाही, आणि इकडे मी चार माणसांत उभी राहून गात होते. मला वाटलं, हे तुला कळलं तर तू पाटीवर "शाब्बास" लिहिशील आणि मग दार लावून घेशील. त्या शाब्बासचीच मला भीती वाटत होती.

पण आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे मी हे पत्र का लिहितेय ते.

मला गाण्यात माझ्या जागी आत शिरता येत नाही. दर वेळी चुकते. कधी दोन मात्रा आधी, कधी एक उशिरा. दातवाल्या बाई हाताने खुणा करतात, मान हलवतात, एकदा तर पायही आपटला. उपयोग शून्य. परवा त्या म्हणाल्या, "इतका पक्का सूर तुमचा, आणि मोजायला कसं येत नाही?" मी म्हटलं, मला कधी मोजावंच लागलं नाही. मी सहा वर्षांची असल्यापासून माझ्या डावीकडे तू उभी. माझी जागा आली की तू माझ्या दंडाला चिमटा काढायचीस, नखाने, बारीक. तुझं स्वतःचं गाणं चालू असताना! आईला वाटायचं, तू मला छळतेस. दंडावर कायम एक लाल खूण असायची. मी चिमट्यावर आत शिरायचे. मी मोजायला शिकलेच नाही गं, कारण तू मोजत होतीस.

ताई, वरच्या सुराला माणूस आहे इथे. दातवाल्या बाई गातात. तुझ्यासारखं नाही, पण बरं गातात. तुझा आवाज गेला याचं दुःख मला माझ्या मरेपर्यंत राहील, त्याचं सांत्वन मी करणार नाही, तूही मला करू नकोस. पण इतके दिवस मला वाटत होतं की मी तुझ्या आवाजाशेजारी उभी असायचे. आता कळलं, मी तुझ्या हाताशेजारी उभी असायचे. आणि हात तुझा चांगला ठणठणीत आहे, फोनवर ऐकतेय मी.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. लोक गळ्याकडे बघतात. मध्येच खोकला येतो, भोकातून आवाज होतो. सगळे उभे राहून गाणार आणि मी तिथे खांबासारखी. हो. बघतील. पाववाल्याची नात तर तोंडावर विचारेल, "तुझ्या गळ्याला काय झालं?" तू पाटीवर लिही, तिला आता अक्षरं येतात. आणि खोकला आला तर खाली टायरवाल्याचं फुस्स आहेच, कुणाला कळणार नाही कुणाचं कुठलं.

गेल्या रविवारी आम्ही खुर्च्या नेल्या. हे पुढे, मी मागे. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, "जन्मभर लोकांना लिफ्टने वर नेलं, आणि माझ्या नशिबी हा जिना!" पाळकसाहेब सरकले. मग त्यांनी बघितलं तर खुर्च्या तीन. ह्यांची, माझी, आणि माझी शिवणाची बुटकी वेताची, बिनहाताची. ती मी माझ्या डावीकडे ठेवली. हाताची खुर्ची मुद्दाम आणली नाही. मध्ये हात आला तर चिमटा कसा काढशील?

पाळकसाहेबांनी विचारलं, "ही कुणाची?"

मी म्हटलं, "ताईची. ती येईल की नाही, मला माहीत नाही."

ते म्हणाले, "बरं." आणि झाडणाऱ्या माणसाला सांगितलं, ही खुर्ची हलवायची नाही.

त्या दगडी चर्चमधल्या आजींसारखी मी आता एक रिकामी जागा धरून बसलेय. फरक एवढाच की माझं माणूस जिवंत आहे, आणि हट्टी आहे.

ये ना गं ताई. माझ्यासाठी ये. तुझ्यासाठी ये म्हटलं तर तू येणार नाहीस, म्हणून सरळ सांगते, मला तुझी गरज आहे. मी चारचौघांत दर रविवारी चुकतेय.

तुझ्या चिमट्याची वाट बघणारी,
बारकी


१५ सप्टेंबर

बारके,

पत्र मिळालं. चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. गायलीस म्हणून नाही. गायली नाहीस म्हणून. तुला कुणी सांगितलं होतं मुकं व्हायला? दोन बहिणी, त्यातली एक मुकी झाली, तेवढी पुरे नव्हती का? माझा आवाज गेला, कान गेले नाहीत. दर रविवारी उपासनेच्या वेळी मी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे. वाऱ्याने चर्चमधलं थोडंफार ऐकू यायचं. मी त्यात तुझा सूर शोधायचे आणि तो सापडायचा नाही. मला वाटलं, वारा उलटा आहे. एवढे महिने मी वाऱ्याला शिव्या दिल्या, आणि तू तिकडे माशासारखं तोंड हलवत होतीस! त्या पाववाल्याच्या नातीला माझ्याकडून खाऊ दे.

हो, दिवा लावत नव्हते. एकटीसाठी कशाला, असं वाटायचं. आता विचारू नकोस, आता लावते.

शाब्बास लिहिणार नाही. दोन मात्रा आधी शिरणाऱ्याला मी कधी शाब्बास म्हटलं नाही. आणि तुला मोजायला येत नाही हे खोटं आहे. तुला येतं, तू आळशी आहेस. पण आळशी मुलांना सोडून द्यायची माझी पद्धत नव्हती.

काही गोष्टी आधीच स्पष्ट करते. मी पूर्वेच्या खोलीत कायमची राहायला येत नाही, बघायला येते आहे. तो फरक मेहुण्यांना नीट समजावून सांग. मांजर सोबत असेल. नवव्या मजल्यावरची लिफ्ट त्यांनी त्या दिवशी तरी चालू ठेवावी. मला कुणी "किती धीराच्या हो तुम्ही" म्हटलं तर मी त्याच पावली परत जाईन. तशी ताकीद सगळ्यांना देऊन ठेव. तुझ्या दातवाल्या बाई तिसऱ्या कडव्यात चढताना ओरडतात की काय, ते मला एकदा ऐकायचं आहे. पाटी घेतली आहे, खडूही घेतले आहेत.

आणि ती वेताची खुर्ची मला आठवते. तिची बैठक सैल झाली होती, मी बसले की रुतेन. ती विणून ठेव. जांभळ्या रुमालाला मेण चोळलं, आता बटण नीट बसतं. तोच घालून येते.

नर्सबाई परवा नेलकटर घेऊन आल्या होत्या. मी त्यांना परत पाठवलं.

नखं वाढवत बसलेली,
तुझी ताई